काकासाहेबाची फटफट आणि छबूबाईच्या सात हाका

तिसगावच्या पलीकडं डोंगराच्या कडेनं ज्या वस्त्या विखुरल्या आहेत ना, तिथल्या बायका सकाळी घड्याळ बघत नाहीत. निदान परवापरवापर्यंत तरी बघत नव्हत्या. लांबून फटफट ऐकू आली की चुलीवरचा चहा उतरायचा, बादली उचलायची आणि गोठ्यात पळायचं. काकासाहेब दोन वस्त्या अलीकडं आहे, म्हणजे धारा काढून होईपर्यंत दारात येतो. एवढा साधा हिशेब! एकोणीस वर्षं तो कधी चुकला नाही.

काकासाहेब म्हणजे दूधवाला. वय बावन्न, अंगानं काटक, डोक्याला कानटोपी नाहीतर टॉवेल. मोटारसायकलच्या दोन्ही बाजूंना चाळीस चाळीस लिटरचे कॅन. अकरा वस्त्यांची त्याची लाईन, आणि सकाळ-संध्याकाळ मिळून ऐंशी किलोमीटरची फेरी. दिवाळी असो की घरात सुतक असो, लाईन चुकायची नाही. गायीला कुठं सुट्टी असते?

ती फटफट मात्र गाडी कंपनीतून घेऊन आली नव्हती बरं का. लाईन नवी होती तेव्हा बायका उशीर करायच्या आणि हा दारोदार हॉर्न वाजवत ताटकळायचा. शेवटी वैतागून तो गॅरेजवाल्या कल्याणकडं गेला आणि म्हणाला, "सायलेन्सरची पुंगळी काढ. मी दोन कोसांवरून ऐकू गेलो पाहिजे." कल्याणनं पुंगळी काढली. त्या दिवसापासून काकासाहेब आल्याचं माणसांनाच काय, जनावरांनाही कळायला लागलं. गायी कान टवकारायच्या, आणि काही काही तर फटफट जवळ आली की आपसूक पान्हा सोडायच्या. काकासाहेबाला याचा भारी अभिमान. "मंत्र्याच्या गाडीला सायरन आसतो, माझ्या गाडीला गायी वळखत्यात," असं तो पारावर सांगायचा.

दुसरी खोड म्हणजे गाडी बंद न करणं. भरले कॅन लावून किक मारायची म्हणजे कंबरडं मोडतं. म्हणून हा पठ्ठ्या दारात गाडी चालूच ठेवायचा. फटफट चालू, माप चालू, बायकांचं बोलणं चालू. आता त्या बोलण्यातलं किती ऐकू येत होतं ते त्यालाच ठाऊक. तो आपला मान डोलवायचा.

खरं सांगायचं तर दोन वर्षांपासून काही धड ऐकू येत नव्हतं. पुरुषांचं जाडंभरडं बोलणं कळायचं, पण बायकांचे ओठ हलताना दिसायचे तेवढेच. घरात टीव्ही एवढा मोठा लागायचा की बायको मुक्ताबाई परसात जाऊन भाजी निवडायची. "अहो, बारीक करा की जरा!" ती ओरडायची, आणि हा म्हणायचा, "आजकाल मानसं तोंडातल्या तोंडात बोलत्यात." त्यात कानात सारखी किर्रर्र. ऐन उन्हाळ्यात भर दुपारी रातकिडे कुठून आले, म्हणून त्यानं एकदा छपराचे पत्रे हलवून पाहिले होते. रातकिडे छपरात नाहीत, आपल्यात आहेत, हे कळल्यावर तो गप्प बसला. कुणाला सांगायचं? दूधवाला बहिरा झाला म्हटल्यावर लाईन दुसऱ्याकडं जायला वेळ लागत नाही. आणि लाईन गेली तर काकासाहेबाकडं उरतं काय?

लाईनीतली शेवटची वस्ती छबूबाईची. सत्तरीची म्हातारी, तोंडाचं बोळकं झालेलं, पण जिभेला धार. मुलगा हनुमंत आणि सून पंकजा दिवाळीनंतर कोयता घेऊन कोपरगावकडं ऊसतोडीला जायची, ती हंगाम संपून पट्टा पडल्यावरच परतायची. आसपासच्या वस्त्यांचीही तीच गत. पौषात त्या बाजूला हिंडलं तर दारांना कड्या आणि अंगणात वाळलेला पाला. तेवढ्या ओसाडीत एक छबूबाई आणि तिची एक गाय, कपिली. दिवसात दोनदा काकासाहेबाची फटफट यायची, बाकी दिवसभर माणसाचा आवाज नाही. म्हातारी दुधाची किटली फाटकाशेजारच्या दगडावर ठेवायची, दूध मापून झालं की काकासाहेबाला दोन शिव्या द्यायची आणि मग तिचा दिवस सुरू व्हायचा.

जानेवारीतली एक सकाळ. थंडी अशी की हँडलवर बोटं चिकटत होती. काकासाहेब छबूबाईच्या फाटकाशी थांबला. दगडावर किटली नाही. त्यानं हॉर्न दिला. कुणी आलं नाही. त्यानं दोनदा रेस दिली, फाटक थरथरलं. तरी कुणी नाही. "म्हातारी पोराकडं गेली वाटतं कोपरगावला," असं मनाशी म्हणत त्यानं अजून चार-पाचदा रेस दिली, घड्याळ पाहिलं आणि गाडी वळवली. आठला डेअरीत दूध घेणं बंद होतं, आणि दहा वस्त्यांचं दूध कॅनमध्ये हिंदकळत होतं.

संध्याकाळी परत तेच. किटली नाही. पण या वेळी फाटकाच्या फटीतून त्याला गोठ्याच्या दारात लुगड्याचा काठ दिसला. मग मात्र गाडी तशीच आडवी टाकून तो आत धावला.

छबूबाई गोठ्यात पडली होती. शेणावरून पाय घसरून खुबा मोडला होता. अंगावर कसंबसं एक पोतं ओढून घेतलं होतं तिनं. शेजारी कपिली, सड तटतटलेले, मान खाली घालून म्हातारीचं डोकं चाटत होती. काकासाहेबानं म्हातारीला उचलून बाजेवर घेतलं, फोन करून जीप बोलावली आणि रातोरात नगरला दवाखान्यात पोचवलं. दुसऱ्या दिवशी जाऊन कपिलीला सोडून आपल्या घरी आणून बांधलं.

झालं! गावात काकासाहेबाचा उदोउदो. लोक विचारायचे, "म्हातारी कधी पडली?" तर कळायचं की पहाटेच. मग पुढचा प्रश्न आपोआप येई, "मग सकाळी काकासाहेब गेला न्हवता का?" आणि दवाखान्यातून छबूबाईचा निरोप असा की, "सकाळी तो आलाच न्हाई. त्याची गाडी बिघडली आसंल. संध्याकाळी आला म्हनून मी वाचले." सरपंच रामहरीनं जाहीर करून टाकलं की सव्वीस जानेवारीला झेंडावंदनानंतर ग्रामसभेत काकासाहेबाचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार.

काकासाहेबाच्या घशाखाली भाकर उतरेना. आपण सकाळी गेलो होतो, फाटकाशी पाच मिनिटं उभे होतो. म्हातारीला तेव्हा शुद्ध नसेल, म्हणून तिला माहीत नसेल, असं तो स्वतःला समजावत होता. पण मन काही ऐकत नव्हतं. चोवीस तारखेला दुपारची एसटी धरून तो नगरला गेला.

दवाखान्यात छबूबाई उशीला टेकून बसली होती. ऑपरेशन झालं होतं. काकासाहेबानं स्टूल जवळ ओढलं आणि विचारलं, "मावशी, त्या सकाळी तुला सुद हुती का?"

छबूबाईनं शेजारची खाट रिकामी असल्याची खात्री केली. मग त्याच्या कानाशी तोंड नेऊन ती मोठ्यानं म्हणाली, "हुती की. सात हाका मारल्या तुला. मोजल्यात मी."

काकासाहेबानं डोक्यावरचा टॉवेल ओढून हातात घेतला.

"मी हाक मारली की तू रेस द्यायचास. पुन्यांदा हाक, पुन्यांदा रेस. कपिलीनं तुझी गाडी ऐकून पान्हा सोडला, समद्या धारा माझ्या डोळ्यांम्होरं भुईवर गळल्या. गायीला तू ऐकू आलास, पर तुला मी न्हाई आले."

"मग तू गावाला खोटं का सांगितलंस?"

"तर काय सांगू? दूधवाला बहिरा हाय म्हनून? मला दोन वर्सांपासून म्हाईत हाय. मी शिव्या दिल्या तरी तू हसून 'व्हय मावशी' म्हनायचास. लाईन गेली तर काय करशील रं, मुडद्या?"

काकासाहेबाला तिच्याकडं बघवेना. पहाटेपासून दिवसभर थंडीत पडलेली बाई, आणि काळजी कुणाची, तर जो पाठ फिरवून गेला त्याची! त्यानं टॉवेलनं डोळे पुसले. छबूबाईनं त्याला धड रडूही दिलं नाही. "हितं बसून नाक नको शिंकरू. खालच्या मजल्यावर कानाचा दवाखाना हाय. आदी तिकडं जा."

तो गेला. कान तपासणारी पोरगी आरती नावाची, बोलायला गोड. तिनं त्याला एका छोट्या बंद खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवला आणि हातात बटण दिलं. "काका, टीऽटी ऐकू आलं की दाबायचं." काकासाहेब शाळेत पहिल्या बाकावर बसल्यासारखा ताठ बसला, अंगठा बटणावर. मधूनमधून दाबलं. मग बराच वेळ काहीच आलं नाही, म्हणून तो शांत वाट बघत राहिला. दार उघडून आरती आत आली तेव्हा तो म्हणाला, "मशीन बंद पडलं काय?"

"नाही काका," ती त्याच्यासमोर वाकून मोठ्यानं म्हणाली, "मशीन चालूच होतं."

तिनं कागदावर उतरत गेलेली रेघ दाखवली. जाड आवाज अजून येतात, बारीक आवाज गेले. बायकांची बोली, पाखरं, फोनची रिंग, सगळं त्या उतरणीखाली. गेलं ते परत येत नाही, पण राहिलंय ते सांभाळता येतं, असं डॉक्टरीणबाईंनीही सांगितलं. गाडीचा आवाज कमी करा, हेल्मेट घाला, आणि वाऱ्याचा घोंगाटही कानाला तेवढाच वाईट, म्हणून कानात हे घाला. आरतीनं स्पंजाची नारिंगी बोंडं दिली. बोटात वळून बारीक करायची, दुसऱ्या हातानं कान वर ओढायचा, बोंड आत सरकवायचं आणि फुगेस्तोवर बोट धरून ठेवायचं. "कापसाचे बोळे चालत्याल की," काकासाहेब म्हणाला. "नाही चालत, कापूस आवाज अडवत नाही." "मग मागून ट्रक आला तर?" "हॉर्न ऐकू येतो काका, घोंगाट तेवढा कमी होतो. आणि गाडीला आरसे आहेत ना?" आरसे त्यानं कॅनला अडचण होते म्हणून कधीच काढून टाकले होते.

सव्वीस जानेवारी. झेंडा झाला, पोरांची कवायत झाली, शाळेच्या पटांगणात ग्रामसभा बसली. रामहरीनं काकासाहेबाच्या अंगावर शाल घातली, हातात नारळ दिला आणि माईक पुढं केला. माईकनं अशी काही कर्कश शिट्टी मारली की अख्ख्या सभेनं कानांत बोटं घातली. पोरं, म्हातारे, मास्तर, सगळे. एकटा काकासाहेब नारळ धरून शांत उभा होता. लोकांनी कानांत बोटं का घातली, हेच त्याला कळेना. कळलं तेव्हा त्याला वाटलं, आता लपवण्यासारखं उरलंच काय.

"मी त्या सकाळी गेल्तो," तो म्हणाला. "छबूमावशी माझ्यासाठी खोटं बोलली. मी फाटकापाशी हुबा हुतो, अन् ती आतून सात हाका मारत हुती. मी रेस देत हुतो. मला ऐकू येत न्हाई. दोन वर्सं झाली, कुनाला बोललो न्हाई, कारन लाईन जाईल म्हनून भ्यालो. ही शाल माझी न्हवं."

शाल काढून त्यानं घडी घातली आणि टेबलावर ठेवली. पहिल्या वस्तीची झुंबरबाई पुढच्याच रांगेत बसली होती. अकरा वस्त्यांत तिच्याइतकं फटकळ कुणी नाही. ती पदर खोचून उभी राहिली आणि सगळ्या पटांगणाला ऐकू जाईल असं बोलली, "आमी मोठ्यानं बोलतो इथनं म्होरं. पर तू दारात गाडी बंद करायची! तुझ्या त्या फटफटीनं माझी कालवड दोनदा दावं तोडून पळाली, ते बी सांगितलं हुतं तुला. तवा तू मान डोलावलीस!" सभा हसली आणि काकासाहेबाला जरा श्वास घेता आला. तरी दोन वस्त्यांनी पुढच्याच आठवड्यात दूध दुसऱ्या गाडीला घालायला सुरुवात केली. त्याबद्दल तो कुणाला वाईट बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी कल्याणनं नवा सायलेन्सर बसवला. आरसे लावले. कॅन आदळू नयेत म्हणून जुन्या टायरच्या ट्यूबचे पट्टे गुंडाळले. कंपनीच्या आवाजात गाडी सुरू झाली तेव्हा काकासाहेबाला वाटलं ती सुरूच झाली नाही, आणि त्यानं पुन्हा किक मारली. कल्याण पोट धरून हसला.

लाईनीवर आठवडाभर गोंधळ. दूध तयार नाही, बायका केस विंचरतायत, कुणाची चूल पेटतेय. "चोरावानी येतो मेला," झुंबरबाई म्हणायची. पण काकासाहेब गाडी बंद करायचा, बोंडं काढून चुन्याच्या रिकाम्या डबीत ठेवायचा आणि उभा राहायचा. किक मारताना कंबर दुखायची, दुखू दे. बायका समोर येऊन, तोंडाकडं तोंड करून बोलायला शिकल्या. तेव्हा त्याला कळलं की एकोणीस वर्षांत त्यानं या बायकांचं किती थोडं ऐकलं होतं. कुणाच्या पोरीचं लग्न ठरलं होतं, कुणाचा नवरा महिन्यापासून अंथरुणाला खिळला होता.

घरी मात्र कपिलीनं असहकार पुकारला. मुक्ताबाई बादली घेऊन बसायची आणि गाय पाषाणासारखी उभी. पान्हाच सोडेना. तिला फटफट पाहिजे! दोन दिवस मुक्ताबाईनं कुरवाळलं, पेंड चारली, शेवटी हात टेकले. "अहो, गाडीला जुना सायलेन्सर लावा, न्हाईतर तुमी तरी वरडा." काकासाहेबानं इकडंतिकडं पाहिलं. कुणी नव्हतं. बावन्न वर्षांचा तो बाप्या गोठ्यात हँडल धरल्यासारखे हात पुढं करून तोंडानं करायला लागला, "फट फट फट फट, ढुर्रर्र!" कपिलीनं कान टवकारले आणि बादलीत चर्र धार पडली. मुक्ताबाई हसून हसून बादलीवर पडायच्या बेतात आली. कितीतरी दिवसांनी तिचं हसणं त्याला स्पष्ट ऐकू आलं, आणि तिला अजून हसवावं म्हणून त्यानं उगाच गिअर टाकल्याचेही आवाज काढले.

फेब्रुवारीअखेर छबूबाई घरी आली. चालायला वॉकर, मदतीला सून पंकजा कोयता सोडून परतलेली. आदल्या संध्याकाळी काकासाहेबानं कपिलीला नेऊन तिच्या खुंट्याला बांधलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो फाटकाच्या अलीकडंच गाडी बंद करून आला. दगडावर किटली नव्हती. हेल्मेट काढलं, बोंडं काढून डबीत ठेवली. कानात रातकिडे होतेच, ते आता जन्माचे सोबती. त्यांच्यामागं दुसरं काही आहे का, म्हणून तो श्वास रोखून उभा राहिला. आपल्याला ऐकू येईल की नाही, याची त्याला आयुष्यात एवढी भीती कधी वाटली नव्हती.

"काकासाहेब…"

गोठ्यातून आली हाक. मोठ्यानं मारलेली नव्हे, म्हातारी एरवी बोलायची तशीच, पण आता मधे फटफट नव्हती.

"आलो, मावशी!" तो फाटक ढकलून धावतच आत गेला.

छबूबाई कपिलीशेजारी बाजेवर बसली होती, मांडीवर रिकामी किटली. तिनं त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "किती हाका ऐकल्यास?"

काकासाहेबाचा चेहरा उतरला. त्यानं तर एकच ऐकली होती. "एक," तो चाचरत म्हणाला. "तू किती मारल्यास?"

"एकच मारली की रं," छबूबाई म्हणाली.

काकासाहेब मटकन गव्हाणीशी बसला. मग म्हातारीनं पदरानं डोळे टिपले आणि खेकसली, "आता बसलास काय? गाय खोळंबलीया. मुक्तानं सांगितलंय मला समदं. कर तुझं ते."

काकासाहेबानं हात पुढं धरले, तोंड उघडलं, पण एक फट फुटेना. कपिली मान वळवून बघत राहिली. पंकजा बादली धरून बसली होती. शेवटी छबूबाईनंच बाजेवर बसल्या बसल्या दोन्ही मुठी पुढं धरल्या आणि बोळक्या तोंडानं फट फट फट सुरू केलं, आणि कपिलीनं पान्हा सोडला.